लिनक्सची घराणी आणि गावातला संगणक

वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. तेव्हापासून इतिहास, अर्थकारण, धर्म आणि साहित्य हे विषय या व्यासपीठांवर घरचेच मानले गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर कोणती लिनक्स बसवावी हा विषय बसवला, तर एखाद्या श्रोत्यास तो बाजारहाटाचा वाटेल. परंतु मला हा विषय इतिहासाचाच वाटतो, आणि इतिहासातही तो कामगार चळवळीच्या फार जवळचा आहे. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या ओसरीवर आणि वाचनालयात झाले. तेव्हा जे सांगतो ते संघटना चालवणाऱ्या माणसाच्या नजरेतून सांगतो, हे आधी लक्षात घ्यावे.

प्रश्न आजच का निघाला तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीची नेहमीची दुरुस्ती थांबवली. काही अटींवर मुदतवाढ आहे, पण ती थोड्या काळाची. विंडोज ११ घ्यावी तर तिला यंत्रात टीपीएम नावाची सुरक्षेची चीप लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. निरगुडसर, मंचर, घोडेगाव, नारायणगाव या भागात पतसंस्थांत, दूध सोसायट्यांत, वाचनालयांत आणि विद्यार्थ्यांच्या घरी जी यंत्रे आहेत त्यांतील कित्येक या कसोटीस उतरत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, कळफलक चालतो, पडदा उजळतो, आणि तरीही दूर परदेशी ठरलेल्या एका तारखेने ते म्हातारे ठरते. गिरणीतील माग चांगला चालत असता मालकाने तो भंगारात काढावा आणि मागावरच्या माणसाला कारणही विचारता येऊ नये, तसा हा प्रकार आहे.

आता लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम नावाची एक वस्तू असते. यंत्राचे हात पुष्कळ. कोणी छापतो, कोणी साठवतो, कोणी पडद्यावर उमटवतो. या हातांना कामे वाटून देणारा, कोणाला किती वेळ द्यायचा ते ठरवणारा जो, तो ऑपरेटिंग सिस्टिम. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला मी म्हणेन की तो संगणकाचा मुकादम आहे. आणि मुकादम कोणाचा माणूस, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो आहोत. मुंबईच्या गिरण्यांत मुकादमच माणसे भरी, मुकादमच काढी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. कामगार संघटनांचा अर्धा जन्म त्या दस्तुरीविरुद्ध झाला.

या नव्या मुकादमाची कुळकथा १९६९ साली सुरू होते. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची प्रणाली लिहिली. त्या कंपनीवर १९५६ सालच्या एका न्यायालयीन करारान्वये बंधन होते की तिने टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करू नये. त्यामुळे युनिक्स विकण्याची सोय नव्हती. ती विद्यापीठांना नाममात्र किमतीत, आतल्या मूळ लिखाणासकट देण्यात आली. विद्यार्थ्यांनी ती वाचली, सुधारली, एकमेकांना दिली. सरकारने भांडवलाच्या एका हातास बांधून घातले म्हणून ज्ञान मोकळे झाले, हे मला फार बोलके वाटते. पुढे १९८४ मध्ये ती प्रचंड कंपनी तोडण्यात आली, बंधन सुटले, आणि युनिक्सला बाजारभाव आला. जे काल वाचता येत होते ते आज कुलपात गेले.

नेमक्या याच संधिकाळात मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने बंड केले. त्याच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचे एक छपाईयंत्र होते आणि ते वरचेवर अडके. ते अडकले की सर्वांना कळावे एवढी सुधारणा त्याला करायची होती, पण आतले लिखाण त्याला कोणी देईना. तंटा एवढ्यावरून. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने जाहीर केले की आपण युनिक्ससारखीच, पण सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिणार. तिचे नाव जीएनयू. १९८९ साली त्याने तिच्यासाठी जो परवाना लिहिला, तो मला कामगार कायद्याच्या एखाद्या उत्तम कलमासारखा वाटतो. ज्याला ही वस्तू मिळाली त्याने ती दुसऱ्यास देताना तेच हक्क पुढे द्यावेत, मधल्यामध्ये खाऊ नयेत, असा त्याचा आशय आहे.

जीएनयूचे सारे अवयव तयार होत आले, पण मुख्य गाभा राहिला होता. तो हेलसिंकीच्या लायनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पुरवला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपण असे काही लिहीत आहोत असे कळवले आणि पुढच्या महिन्यात ते प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्या परवान्यात एक अट अशी होती की हे वाटताना कोणी पैसे घेऊ नयेत, हाताळणीचा खर्चसुद्धा नको. हेतू साधुत्वाचा होता, परंतु अशा अटीने वस्तू गावोगाव पोचत नाही. फ्लॉपी विकत आणायची, टपाल हशील भरायचे, आणि ते कोणी द्यायचे? १९९२ साली त्याने ती अट काढून स्टॉलमनचा परवाना लावला. त्यानंतरच 'डिस्ट्रिब्युशन' नावाचा प्रकार शक्य झाला. फुकट आणि मोकळे यांतील फरक त्या दोन परवान्यांच्या मधोमध उभा आहे, आणि वर्गणी न घेता संघटना चालवू पाहणाऱ्या माझ्या काही मित्रांनी तो अवश्य अभ्यासावा.

डिस्ट्रिब्युशनला मी घराणे म्हणतो. राग तोच, बंदिशीही पुष्कळशा त्याच, परंतु कोठे थांबायचे, कोणती तान घ्यायची आणि शिष्याला कसे शिकवायचे हे ज्याच्या त्याच्या परंपरेवर. गाभा लिनक्सचा, अवजारे जीएनयूची, पडद्यावरची मांडणी आणखी कोणाची. हे सगळे हजारो तुकडे गोळा करायचे, एकमेकांशी जुळतात की नाही ते पाहायचे, त्यांचे गाठोडे बांधायचे, आणि पुढची काही वर्षे त्यात निघणारी भोके बुजवत राहायचे, हे घराण्याचे काम. यातले शेवटचे काम सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी दिसणारे. गाठोडे बांधणारे शेकड्यांनी निघतात. बुजवत बसणारे थोडे.

पहिल्या मोठ्या गाठोड्यांत १९९२ चे एसएलएस होते. ते लोकप्रिय झाले आणि त्याबद्दल तक्रारीही तेवढ्याच झाल्या. त्या तक्रारींतून १९९३ च्या एकाच उन्हाळ्यात दोन घराणी जन्मली. जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंगचे स्लॅकवेअर आणि ऑगस्टमध्ये इयान मर्डॉकचे डेबियन. पुढल्या वर्षी रेड हॅट आले. जर्मनीत सुसे उभे राहिले. मग फाटे फुटत गेले. रेड हॅटपासून मँड्रेक, डेबियनपासून २००४ साली उबंटू, उबंटूपासून २००६ साली मिंट. १९२० मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली, १९४७ मध्ये इंटक निघाली, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९७० मध्ये सिटू. हा वंशवृक्ष ज्याने पाठ केला आहे त्याला लिनक्सचा वंशवृक्ष अवघड वाटू नये. एक भेद मात्र आहे. आमच्यात फूट पडली की कचेरीचे कुलूप, शिक्का आणि निधी यांवरून कोर्टकज्जे होतात. तिकडे सगळे लिखाण दोघांनाही पूर्ण मिळते. भांडण उरते ते नावाचे आणि माणसांचे. फूट इतकी स्वस्त असल्यामुळे ती फार पडते हे खरे, पण तीच स्वस्ताई नेत्यांना जमिनीवरही ठेवते.

येथपर्यंतची कथा परदेशची झाली. आपल्याकडे संगणक आला तो संघर्षाच्या वाटेने, आणि या भागाकडे मी जरा अधिक वेळ देणार आहे, कारण आपल्या चळवळीने तेथे बरेच कमावले आणि एक प्रश्न विचारायचा राहून गेला.

१९६० च्या दशकाच्या मध्यास आयुर्विमा महामंडळाने मुंबई आणि कलकत्ता येथे संगणक बसवायचे ठरवले. नोकऱ्या जातील या भयाने विमा कर्मचारी उभे ठाकले. कलकत्त्यात तर 'इलाको हाउस' या इमारतीत यंत्र शिरू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. आज त्या पहाऱ्याला हसणारे पुष्कळ भेटतात. मी हसत नाही. तीन पिढ्यांत घरातला पहिला पगार ज्याला मिळतो, त्याला यंत्र पाहून आधी पोरांचे तोंड आठवते. सरकारनेही हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्याच्या विचारासाठी नेमलेल्या ऑटोमेशन समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला.

नंतर आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला, देशी कारखाने संगणक बनवू लागले, आणि बँकांत यंत्रे येणे अटळ झाले. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. रंगराजन यांच्या समितीने संगणकीकरणाचा आराखडा दिला. त्या काळात बँकांच्या यंत्रांवर मोठ्या प्रमाणात युनिक्स आली, आणि त्या निमित्ताने आपल्याकडे युनिक्स जाणणाऱ्या तरुणांची एक पिढीच तयार झाली. पुढे लिनक्सला भारतात सहज हात मिळाले त्याचे एक कारण येथे आहे.

त्या वाटाघाटींचा रोख पाहा. किती माणसे कमी होतील? यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता किती? कोणाची बदली होईल? सारे प्रश्न रास्त होते आणि त्यांची उत्तरे आमच्या थोरल्या मंडळींनी झुंजून मिळवली. यंत्रातल्या मुकादमाचा धनी कोण, हा प्रश्न मात्र मेजावर आला नाही. वास्तविक आमच्या परंपरेला तो परका नव्हता. रविवारची सुटी १८९० साली मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्याआधी दहा वर्षे 'दीनबंधु' हे पत्र हाती घेतले होते, कारण कामगाराचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या छापखान्याच्या मर्जीवर राहू नये हे त्यांना उमगले होते. छापखान्याविषयी जे सुचले ते संगणकाविषयी सुचायला आम्हांला आणखी बराच काळ लागला. गंमत अशी की ज्या आयुर्विमा महामंडळात पहिली लढाई झाली, त्याच महामंडळाने या शतकाच्या पहिल्या दशकात शाखांच्या कामासाठी लिनक्सचा स्वीकार केला, आणि त्यावर कोणत्याही चळवळीत ब्र निघाला नाही. ना बाजूने, ना विरुद्ध.

आता मराठीकडे वळतो. कोणतेही घराणे निवडताना मराठी माणसाने पहिली कसोटी भाषेची लावावी असे माझे मत आहे, आणि त्याला अनुभव कारण आहे. आमच्या संघटनेचे सभासदांचे रजिस्टर पंधरा-वीस वर्षे एका विकतच्या मराठी फाँटमध्ये टंकलेले होते. त्या फाँटांची रीत अशी, की यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरे साठवायची आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी चित्रे दाखवायची. जुने यंत्र मोडले, नव्यावर तो फाँट चालेना, आणि उघडलेल्या रजिस्टरात सभासदांची नावे जाऊन इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसू लागला. नोंदी आमच्या, घाम आमचा, आणि वाचण्याची किल्ली विक्रेत्याच्या खिशात. ते रजिस्टर दोन मुलींनी छापील प्रतीवरून पुन्हा टंकले. पुष्कळ पतसंस्थांची, छापखान्यांची आणि शाळांची हीच कहाणी आहे.

यावर तोड होती आणि ती सरकारी प्रयत्नांतूनच निघाली होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतावली ठरली, तिचे प्रमाण १९९१ साली आले, आणि तिच्याच आधीच्या आवृत्तीवरून युनिकोडमधील देवनागरीची रचना झाली. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी मोठे काम केले. इनस्क्रिप्ट हा कळफलकही त्याच काळचा. एकदा शिकला की हिंदी, गुजराती, कन्नड या सगळ्यांना तोच चालतो, आणि लिनक्सच्या प्रत्येक घराण्यात तो विनासायास मिळतो. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेने 'इंडिक्स' नावाने लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचा प्रकल्प केला. त्यासाठी प्रा. र. कृ. जोशी यांनी 'रघु' हा फाँट घडवला आणि तो मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. याच जोशी सरांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' घडवला होता. एकाच मराठी सुलेखनकाराच्या हातून एक अक्षर कुलपात गेले आणि एक उंबऱ्याबाहेर आले. रेड हॅटने 'लोहित' या नावाने भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले, २०११ मध्ये त्यांना अधिक मोकळा परवाना लावला, आणि त्यांच्या देखभालीत त्या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा हात राहिला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू' हे देखणे फाँट सर्वांना दिले.

तरी परीक्षा घ्यावीच. कोणतीही लिनक्स बसवण्याआधी 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे दोन शब्द लिहून पाहा. पहिला स्वयंपाक्यास, दुसरा गुरूस. अर्ध्या र चे ते आडवे रूप आपल्या भाषेचे खास आहे, आणि परक्या हातांनी लिहिलेल्या प्रणाली तेथे हमखास अडखळत. आज बहुतेक नव्या आवृत्त्या ते नीट दाखवतात. मग ल आणि श पाहा. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला ठरवून दिली आहे. फाँट हिंदी वळणाचा असेल तर ती अक्षरे परकी दिसतात, शब्द काही बिघडत नाही. आणि शेवटी तोच कागद छापून पाहा, कारण पडद्यावर साधू दिसणारी अक्षरे छपाईत कधीकधी सोंग टाकतात.

लिनक्स ही शहरी हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी खोडदचा रस्ता दाखवतो. जुन्नर तालुक्यातील त्या गावाजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि काही इंग्रजी वाय अक्षरासारख्या दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत तबकड्यांचे संदेश एकत्र आणण्याचे अवाढव्य गणित करावे लागते. २०१० च्या सुमारास तेथील मंडळींनी त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह लिनक्सवर चालवून ते काम घेतले. शेतात टोमॅटो बांधणाऱ्या बाईच्या डोक्यावरून जी तबकडी फिरते, तिच्या पोटातला मुकादम कोणत्याही कंपनीचा मिंधा नाही.

दुसरे ठिकाण न्यायालयाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्त प्रणालीचे धोरण घेतले आणि उबंटू ही निवड केली. खटल्यांची नोंद ठेवणारी जी प्रणाली सर्वत्र वापरात आहे ती राष्ट्रीय सूचना केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केली. म्हणजे तारीख पडल्याचे ज्या यंत्रावर आपल्याला कळते, त्यामागे हाच इतिहास आहे. शाळांचे उदाहरण मात्र केरळकडून घ्यावे लागते. तेथे या शतकाच्या आरंभीच शाळांत मुक्त प्रणालीचा मार्ग धरला गेला. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीने लाखो मुलामुलींना संगणकाशी बसवले, हे उपकार मोठे आहेत. पण त्या पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही त्याच वर्गांत पक्के झाले.

निवड कशी करावी याबद्दल आता माझे म्हणणे सांगतो. जो तो आधी रूप पाहतो, म्हणजे पडदा कसा दिसतो, चित्रे कशी आहेत. ते शेवटी पाहावे. आधी विचारावे की या घराण्याचा कारभार कोणाच्या हाती आहे आणि तो शब्द पाळतो का. सेंटओएस या घराण्याने आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत करण्याचे म्हटले होते. डिसेंबर २०२० मध्ये एकाएकी जाहीर झाले की ती २०२१ अखेर संपेल. त्यामागे रेड हॅट, आणि रेड हॅटला २०१९ मध्ये आयबीएमने विकत घेतलेले. १९७८ ला जी दारातून गेली ती अशी परसातून परत भेटली. लिखाण मोकळे होते म्हणून लोकांनी रॉकी आणि अल्मा ही दोन नवी घराणी उभी केली, हे त्या परवान्याचे यश. परंतु मधल्या काळात ज्यांची कचेरी हलली त्यांचा मनस्ताप कोणी भरून दिला नाही.

याच्या उलट डेबियन. तिला मालक नाही. १९९७ साली तिने आपला सामाजिक करार लिहून काढला. तिचा नेता दर वर्षी सभासद मतदानाने निवडतात. तीस वर्षांहून अधिक काळ हे घराणे चालले आहे. आमच्या क्षेत्रातील किती संघटनांना दर वर्षी निवडणूक घेतल्याचे छातीठोक सांगता येईल? डेबियन नव्या गोष्टी उशिरा घेते, पण घेतलेली टिकवते, आणि एका आवृत्तीला सुमारे पाच वर्षे दुरुस्ती मिळते. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांनाही पाच वर्षे. उबंटूमागे मार्क शटलवर्थ यांची कंपनी आहे. एके काळी ती जगात कोणालाही टपालाने फुकट सीडी पाठवी, २०११ मध्ये ते थांबले. फेडोरा तेजस्वी आहे, परंतु साधारण तेरा महिन्यांत नवी आवृत्ती घ्यावी लागते. आर्च तर रोजच्या रोज बदलते. ज्याला यंत्राशी खेळण्याची हौस आहे त्याने ती जरूर घ्यावी, वाचनालयाने घेऊ नये. सी-डॅकची बॉस लिनक्स २००७ पासून आहे, डेबियनवर बांधलेली आहे, भारतीय भाषांची सोय तिच्यात चांगली आहे. स्वदेशीचा अभिमान मलाही आहे, तथापि अडचण आल्यावर विचारायला जवळ माणूस सापडणे मी अभिमानाच्या आधी ठेवतो.

म्हणून विंडोजची सवय असलेल्या माणसासाठी मी मिंट सुचवतो. मांडणी ओळखीची वाटते, खाली डाव्या कोपऱ्यात तसेच बटण, आणि २०२४ ची बाविसावी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. यंत्रात चार जीबी रॅम असेल तर ती निभावते. दोनच असेल तर डेबियन घ्यावी आणि तिच्यावर एक्सएफसीईसारखी हलकी मांडणी घ्यावी. फार जुन्या, बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी वाट आता अरुंद झाली आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनेही त्यांच्यासाठी स्थापनेची सोय काढून टाकली. घेण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आतल्या डिस्कला हातही लागत नाही. एक संध्याकाळ काढावी, वायफाय, प्रिंटर आणि आवाज तपासावा, वर सांगितलेले दोन शब्द टंकावेत. आणि काहीही बसवण्यापूर्वी जुन्या फायलींची नक्कल दुसरीकडे ठेवावी.

अडचणी झाकून ठेवणे मला आवडत नाही. जीएसटीचा जमाखर्च ज्या टॅलीवर चालतो ते विंडोजसाठीच बनवलेले आहे. डिजिटल सहीच्या काही चाव्या लिनक्सवर त्रास देतात. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन जवळजवळ पंधरा हजार यंत्रे लिनक्सवर नेली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. त्या माघारीला राजकारण कारण होते हे खरे. पण कर्मचाऱ्यांची कुरकुर वेळीच ऐकली गेली असती तर राजकारणाला एवढे फावले नसते असे मला वाटते. कामगारांना न विचारता लादलेले यंत्र, मग ते मुक्त असो की बंदिस्त, कामगारांचे होत नाही.

पतसंस्थेने म्हणूनच एकदम सगळी यंत्रे बदलू नयेत. जमाखर्चाचे एक यंत्र आहे तसे राहू द्यावे. पत्रव्यवहार, सभासद नोंदी आणि वाचनालयाचे यंत्र आधी बदलावे. कागदपत्रांसाठी लिबर ऑफिस घ्यावे. ते मराठी तोंडवळ्यातही मिळते. जुन्या फाँटमधील फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, आणि बदललेल्या प्रतीतील जोडाक्षरे एका जाणत्या माणसाने मुळाशी ताडून पाहावीत. कारकुनाला आठवडाभर शिकवण्याची फुरसत कामाच्या वेळेत द्यावी, रविवारी नव्हे. आणि दर महिन्याला दुरुस्त्या उतरवून घेण्याचे काम कोणाचे, हे कार्यकारिणीच्या ठरावात नावानिशी लिहून ठेवावे.